चौदावी घ्यावी की तेरावी

२९ नोव्हेंबर

अजून निम्म्यावरच! सकाळी चहा पिऊन स्टुडिओतलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, कामाला लावलं. भाकरी झाल्या, धुणं झालं, दीड वर्षाची आमची ज्ञानेश्वरी दोनदा झोपून उठली — आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी पंकजाच्या लग्नातल्या जेवणावळीपाशी अडून बसली आहे. मध्येच पंखा असा बोंबलतो की पोरगी दचकते.

बिभीषण तात्यांची लेक पंकजा लग्नानंतरच्या पाचपरतावणाला माहेरी आली आहे. आमच्याकडे लग्नाचा व्हिडिओ तेव्हाच बघतात — नवरी, जावई, भावकी, सगळे एका खोलीत दाटीवाटीनं. ‘बघ बघ, मामी कशी रडती’ म्हणून हसायचं ते तेव्हाच. नंतर दिलेला पेनड्राइव्ह कपाटात जातो आणि कपाटातच राहतो.

शूटिंग आदिनाथ करतो. (तोंडावर ‘अहो’, वहीत आदिनाथ!) मिक्सिंग — कापणं, जोडणं, गाणी भरणं — माझं. लग्न होऊन मिरजगावात आले तेव्हा मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः उठून मला ती खुर्ची दिली होती. आज आदिनाथ दारात उभा राहिला आणि म्हणाला, “संक्रांतीनंतर मिक्सिंग पुण्याच्या लॅबला धाडू. लेक झाल्यापासून तुझ्यानं व्हत न्हाई.”

चिडून म्हणाला असता तर भांडले असते. मायेनं म्हणाला. तेच जास्त लागलं.

३० नोव्हेंबर

पट्टी संपली. पंकजा सकाळच्याच एसटीनं सासरी गेली होती. तात्यांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि उसाच्या तोडीचं बोलत बसले.

२ डिसेंबर

चौदावी आली आहे! दिवाळीच्या आधीच आली म्हणे, मला पत्ता नाही.

प्रोसेसरची पिढी. माझ्या मशीनमध्ये बारावी आहे. गेल्या साली तेरावी निघाली, आता चौदावी. माझ्याच बोर्डावर बसते, म्हणजे मशीन आहे तेच, फक्त मेंदू बदलायचा. मोबाईलवर बघत बसले. एकजण म्हणतो डोळे झाकून घ्या. दुसरा म्हणतो तेरावीच जरा जोरात पळवली आणि नाव बदललं, ‘रिफ्रेश’ म्हणतात त्याला, त्यापेक्षा जुनी घ्या. दोघंही छातीठोक. आता करायचं काय!

माहेरच्या मामेभावाला, रविराजला फोन लावला. त्याचं नगरला सावेडीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. म्हणाला, ताई, ऐकून घेऊ नकोस, तुझं फुटेज घेऊन ये, लावून बघू.

जेवताना विषय काढला. आदिनाथ म्हणाला, घ्यायचीच तर तेरावी घे. मामांना ‘रिफ्रेश’ समजावून सांगितलं तर त्यांनी घास थांबवून सांगितलं, “तीच पोरगी साडी बदलून दावली म्हनून धाकटी व्हत न्हाई.” सगळे हसले. मीही हसले. मग आत्या — सासूबाई — ताटाकडे बघतच म्हणाल्या, “नवं आनलं तरी म्होरं बसनारी तीच हाय ना.”

हसणं तिथंच संपलं.

पण दुपारी पोरगी झोपल्यावर वाचत बसले आणि सगळं विसरले. हा प्रोसेसर वाळूपासून करतात! वाळू! आमच्या सीना नदीतली वाळू टेम्पोत भरून एका रात्रीत गायब होते, त्याच जातीची. ती शुद्ध करायची, आरशासारख्या चकत्या पाडायच्या आणि त्यावर उजेडानं कोरायचं. छिन्नीनं नाही, उजेडानं! एका तुकड्यावर अब्जावधी बटणं, आणि प्रत्येक बटण डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीदा उघडतं-मिटतं याला हिशोब नाही. माणसानं केलंय हे. जेवणाऱ्या-झोपणाऱ्या, सर्दी होणाऱ्या माणसानं! वाचता वाचता वाटीतले तांदूळ कधी संपले कळलं नाही. हल्ली ती खोडच लागली आहे — पट्टी सरकेपर्यंत कच्चे तांदूळ कुरकुर खायचे.

५ डिसेंबर

सावेडीला जाऊन आले. हात अजून झिणझिणतोय, कारण त्या हातावर रविराजनं चौदावी ठेवली होती!

दुकान वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात दोनदा थांबावं लागलं, छाती धडधडत होती. एसटीत अवघडून बसले होते, त्यानं असेल.

काडेपेटीएवढी. बिस्किटासारखी चपटी. वजन जवळजवळ नाहीच. खालच्या बाजूला सोनेरी ठिपक्यांची अशी दाट रांगोळी की बोट लावायची हिंमत होईना. मी चप्पल काढली होती हे रविराजनं दाखवल्यावर कळलं. तो हसला, पण त्यानं हसून सोडून दिलं.

त्यानं तीन मशीन शेजारी शेजारी मांडली. एकात चौदावी, एकात तेरावी. तिसरं कुणा गिऱ्हाइकाचं दुरुस्तीला आलेलं, त्यात निघाली माझ्यासारखीच बारावी. म्हणाला, असू दे, गंमत बघू. तिन्हींत पंकजाची वरात घातली आणि एकदमच सुरू केली.

काय सांगू! स्क्रीनवरचे लहान लहान चौकोन एकदम नाचायला लागले, वरातीतली पोरं नाचतात तसे, एकही बसून नाही. घरी ज्या वरातीला दुपार जाते ती डोळ्यांसमोर भरभर संपत चालली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला आलं? मशीन बघून कुणी रडतं का! पण आलं.

निकाल असा — चौदावी पहिली. तेरावी तिच्या मागोमाग, आत्या चहा गाळून कपात ओततील तेवढ्या अंतरानं. मामांचं साडीचं बोलणं खरंच निघालं. आणि बारावी? तीही आली! उशिरा आली, पण किती? त्याच चहाला उकळी फुटेल एवढीच.

रविराज म्हणाला, “ताई, मी दुकानदार आहे, मला विकायलाच आवडेल. पण बारावीवाल्यानं चौदावी घ्यायची गरज नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानं तेरावी घ्यावी.”

६ डिसेंबर

बारावी तिथं पळते. माझीही बारावीच. मॉडेलचा नंबर एकच, रॅम सारखीच, रविराजनं फोनवरून तपासून घेतलं. मग इथं फरक कशाचा?

इथं मी बसते. एवढाच.

८ डिसेंबर

आदिनाथला सगळं सांगितलं. माझी खात्री होती, तो म्हणणार — बघ, तुझ्यानं होत नाही, मी म्हणत होतो. म्हणाला नाही. डोकं खाजवत म्हणाला, उद्या कॅबिनेटच गाडीत घालून नेऊ, रविराजला उघडून बघू दे.

९ डिसेंबर

कसं लिहू! हसू की कपाळावर हात मारून घेऊ!

रविराजनं कॅबिनेटची बाजू काढली आणि आत देवघर निघालं. झेंडूच्या पाकळ्या, वाळून काळ्या पडलेल्या. आपट्याची पानं. भंडारा. कुंकू. उदबत्तीची राख. प्रोसेसरच्या डोक्यावर त्याला गार ठेवणारा पंखा आणि पत्र्याच्या बारीक पट्ट्या असतात, त्या पट्ट्यांत हे सगळं असं घट्ट बसलेलं की पलीकडचा उजेड दिसेना.

खंडेनवमी! मामा दरसाल कॅमेरा, ट्रायपॉड, लाइट, सगळ्यांची पूजा करतात. कॅबिनेटची सर्वांत थाटात — वर जाळीवरच हळदकुंकू, झेंडू, आपटा. आणि मशीन चालू ठेवून! आम्ही म्हणालो होतो, मामा, बंद करू का? तर म्हणाले, झोपलेल्या देवाची पूजा करत्यात व्हय? मग काय, पंखा फिरतोय आणि वरून वाहिलेलं सगळं प्रसाद म्हणून आत ओढतोय. गेल्या सालचं आणि यंदाचं, दोन्ही.

रविराजनं साफ करायच्या आधी मशीन लावून आकडे दाखवले. प्रोसेसर उकळत्या पाण्याइतका तापत होता. तापला की वेग निम्म्याच्या खाली. जरा निवला की वर. परत खाली.

मी विचारलं, मग हा जळून कसा गेला नाही?

“स्वतःच वेग कमी करतो,” रविराज म्हणाला. “श्वास कोंडला की हळू चालायचं, पण बंद पडायचं नाही. असंच घडवलंय त्याला.”

मी त्या तुकड्याकडे बघतच राहिले. एवढे दिवस मी याला शिव्या घातल्या. कुंकवाखाली गुदमरत होता बिचारा, आणि निम्म्या श्वासावर चालत होता. एकही लग्न अर्धवट सोडलं नाही त्यानं. चौदावी हातात घेतली तेव्हा अंगावर काटा आला होता, पण हे बघून मान खाली गेली.

पट्ट्यांतून थोडे तांदूळही निघाले. रविराज म्हणाला, अक्षता. आदिनाथनं एक दाणा तळहातावर घेतला आणि म्हणाला, “अक्षतांना कुंकू असतंय. हे कोरे हायेत.” मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. जाळीवर वाटी ठेवून खाते, पडले असतील चार दाणे.

१० डिसेंबर

मामांना सांगितलं. म्हणाले, “देवाला वाह्यलेलं देवानं ठिवून घेतलं, त्याला कोन काय करनार.” पण चहा झाल्यावर हळूच स्टुडिओत आले, कॅबिनेटपुढं उभे राहिले आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. मी पडद्याआडून बघितलं. ते बाहेर गेल्यावर मी पोटभर हसले.

आणि मशीन! वरात लावली, ज्ञानेश्वरीची बाटली धुऊन आले तर पट्टी संपलेली! विश्वास बसेना, म्हणून परत लावली. पंखा एवढा हळू की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय. तेच मशीन, तीच बारावी. नवं काही आलेलं नाही, नुसती हवा आत गेली.

आदिनाथनं माझ्यासमोर पुण्याच्या लॅबला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

१३ डिसेंबर

आता उलटंच झालंय. मशीनचं काम होतं आणि ते माझ्यासाठी थांबून राहतं. गाणं भरायला बसले आणि माऊसवर हात ठेवून डुलकी लागली — भरदुपारी! आत्या म्हणाल्या, आता कुनाचं नाव सांगशील? बरोबरच आहे त्यांचं. आता झेंडू नाही, आपटा नाही. कुणाचं नाव सांगू?

जागी झाले तर आदिनाथ शेजारी उभा. तांदळाची वाटी त्याच्या हातात. ती आत घेऊन गेला.

थोड्या वेळानं येऊन म्हणाला, शनिवारी लग्न नाही, नगरला जाऊन येऊ. कशाला विचारलं तर म्हणाला, “चल तर.”

१६ डिसेंबर

दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला, माझी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, पाहिजे त्याच्या निम्मंच रक्त आहे, एवढ्यावर कामं कशी करत होतात? मग विचारलं, कच्चे तांदूळ, माती, खडू, असलं काही खावंसं वाटतं का? मी तोंड उघडायच्या आत आदिनाथ म्हणाला, “तांदूळ. रोज वाटीभर.” त्या म्हणाल्या, रक्त कमी असलं की तसं होतं. बाळंतपणापासूनचं असणार.

येताना त्यानं घराच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगकडे बघत म्हणाला, “मशीन लगेच उघडून बघितलं. तुला कुनी इचारलं बी न्हाई.”

दीड वर्षं निम्म्या रक्तावर चालत होते मी. आणि एकही लग्न अर्धवट सोडलं नव्हतं.