'येतो' न म्हणता

म्हसा, पौष १९४३

चिमीच्या बापास,

हा कागद टपालात पडणार नाय, तरी लिहिते. आपली चिमी गेली तेव्हा तुमी कल्याणवरून आलात आणि सुतकातच, 'येतो' न म्हणता निघालात. मयताच्या घरातून निघताना तसं बोलायचं नसतं, म्हणून मला काय वाटलं नाय. मग गावची जत्रा सरली, तरी तुमी आला नाय. धाऊभाऊजी तिथलं तुमचं दुसरं घर बघून आले.

तुमची आय अंथरुणातून रोज विचारायची, "जाताना काय बोलला गो?"

मी सांगायची, "येतो बोलले."

आज ती गेली. शेजारीपाजारी आले नि तुमच्यासारखेच 'येतो' न बोलता निघाले. पण ते उद्या परत येतील.

चिमीची आय