वरचे सहा दात आणि बाबांची कानस

ती. स्व. गेदेदादांना धाकट्या सुरामचा साष्टांग नमस्कार.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? यंदा तुमच्या मिरीच्या वेलांना घड चांगले लागल्याचं कळलं. सुमात्रातल्या लाम्पुंगची माती तुम्हाला मानवली, आनंद आहे. इकडे बालीत आम्ही सारे सुखरूप आहोत, म्हणजे माझे पुढचे दोन दात सोडून.

देवळाच्या उत्सवात भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी माझ्या वाट्याला आली आणि तिच्याआड हाड दडलेलं होतं. दोन्ही दातांचे टवके उडाले. (वारदानी म्हणते, हाड दडलेलं होतं, हावरटपणा मात्र उघडा होता. तुमच्या भावजयीची जीभ तुम्हाला ठाऊक आहेच.) एरवी मी ते मनावर घेतलं नसतं, पण पुढच्या महिन्यात आमच्या वस्तीचा सामुदायिक दात कानसण्याचा सोहळा आहे. वयात आलेली एकोणीस पोरं ओळीने निजणार आणि त्यांचे वरचे सहा दात कानसून षड्रिपू बोथट करायचे ते मी. तेवीस वर्षं करतोय. आता मात्र पोरांच्या आया माझ्या हातांऐवजी तोंडाकडे बघतात. त्यातच आमची सुचीही यंदा त्या ओळीत आहे. ती म्हणाली, "बाबा, टकल्या माणसाकडून केसांचं तेल घेतल्यासारखं वाटतंय. दात नीट करा, नाहीतर मी शेजारच्या गावातल्या माणसाकडे जाईन." दादा, पोटच्या पोरीचे दात परक्याने कानसायचे? आपल्या घराण्यात?

म्हणून मायलेकींनी मला देनपसार शहरात दातांच्या डॉक्टर पर्तिवीकडे नेलं. पंधरा वर्षांपूर्वी हिचेही दात मीच कानसले होते. खुर्ची मागे कलवून ती म्हणाली, "काका, मान हलवायची नाही, क्षणात होईल." हे माझंच वाक्य. पोरीने जपून ठेवलं होतं.

तुटक्या दातांवर नखाइतका पातळ पापुद्रा बसवतात, त्याचे तीन नमुने तिने ताटलीत मांडले. मुखवटे कोरण्यात जन्म गेलेला माणूस मी. तिन्ही उजेडाला धरले, नखावर वाजवले, हुंगलेसुद्धा. (ते आधी कुणाच्या तोंडात होते का, हे विचारायचं राहिलं.) पहिलं रेझिन. तासाभरात बसतं, दात घासून झिजवावा लागत नाही, पण कॉफी आणि लवंगी सिगारेटीने वर्षात पिवळं पडतं. दुसरं पोर्सेलीन. त्यातून उजेड खऱ्या दातासारखा आरपार जातो, पण आधी दात थोडा घासावा लागतो. तिसरं झिरकोनिया, सगळ्यांत कणखर आणि न्हाणीघरातल्या फरशीइतकं पांढरं. वारदानी म्हणाली, "हेच बसवा, हाडं फोडता येतील." सुचीला पोर्सेलीन हवं होतं. मी शांतपणे रेझिन म्हणालो. कारण धार्मिक होतं. वडिलांच्या हातून कानसले गेलेले दात पुन्हा घासणं म्हणजे झोपलेल्या षड्रिपूंना हाक मारणं, असं मी सविस्तर सांगितलं. पाच रिपू झाले होते, मत्सर तेवढा राहिला होता, तेवढ्यात डॉक्टरने आरसा तोंडात घातला.

"काका, तुमचे सुळे कुणी कानसलेलेच नाहीत! हे तर तुमच्या राक्षसांच्या मुखवट्याला असतात तसे आहेत."

"तरीच!" वारदानी म्हणाली. "तरीच सत्तावीस वर्षांत ह्यांचा हावरटपणा जात नाही!"

सुची हसून हसून भिंतीला टेकली. मी सांगितलं, माझ्यात रिपू मुळातच कमी, म्हणून बाबांनी कानस नुसती टेकवली. डॉक्टरने टवक्यांवर तात्पुरतं रेझिन बसवलं. आता मी छान दिसतो, हसतोही जरा जास्तच. सोहळ्याची तयारी जोरात आहे, वस्तीभर बायका ताडाच्या पानांच्या नैवेद्याच्या परड्या विणताहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
सुराम

ता. क. माझे दात कानसले त्या दिवशी खोलीत आपण तिघंच होतो. बाबा गेले. उरलात तुम्ही, माझे दोन्ही पाय दाबून धरणारे. मी किती ओरडलो आणि बाबांच्या बोटाला चार टाके कसे पडले, हे पत्रात लिहू नका. पत्रं सुची आधी वाचते.

ता. क. २. सुचीने माझ्याच हातून दात कानसून घ्यायचं कबूल केलंय. दादा, त्या आनंदात मला दोन दिवस जेवण सुचलं नाही. अट एकच. "आधी तुम्ही निजा, मग मी. आणि ओरडायचं नाही." डॉक्टरही म्हणते, आधी सुळे कानसून घ्या, मग माप घेऊन पोर्सेलीन बसवू. तेव्हा तुमच्याकडची बाबांची कानस घेऊन निघून या, माझे सुळे तुम्हीच कानसा. परक्याच्या हाताखाली मी निजणार नाही, आणि स्वतःचे दात स्वतः कानसायला गेलो तर माझे पाय कोण धरणार?

ता. क. ३. जबडा उघडा राहावा म्हणून दातांमध्ये उसाचं कांडं ठेवतात, ते तिकडूनच आणा. तुमच्याकडचा ऊस जाड असतो. बाबांनी बारीक घेतला होता.