ऊन चढायच्या आधी कुंड्यांचं काय करावं

प्रिय मुंगळ्या,

अक्षराला नावं ठेवू नकोस. चौथीत शाळा सुटली ती सुटली, त्यानंतर मी लिहिल्या त्या फक्त बरण्यांवरच्या चिठ्ठ्या. कागद एका शिवणवालीच्या वहीतले आहेत, मागच्या बाजूला कुणाच्या तरी बाहीचं माप आहे, ते तुझ्यासाठी नाही. टेबल नाही, पाट नाही, गुडघ्यावर ठेवून लिहितेय, आणि गुडघाही दुखरा, म्हणून ओळी घसरगुंडीवर बसल्यासारख्या खाली चालल्यात.

थंडी सरली. सकाळी अंगावर घ्यावंसं वाटतं आणि दुपारी तेच फेकून द्यावंसं वाटतं, असे हे लबाड दिवस. झाडांची कामं करायची ती याच दिवसांत. कुंडीतली वरची माती उकरून मोकळी करायची. मोगरा आत्ताच छाटायचा, माया करत बसलीस तर उन्हाळाभर नुसती पानं बघावी लागतील. भिंतीला चिकटलेल्या कुंड्या हातभर पुढे ओढायच्या, कारण भिंत तापली की मुळं आतल्या आत शिजतात आणि वरून पंधरा दिवस काही कळत नाही. वरून झाड हिरवंगार असतं. हे नीट लक्षात ठेव, मला तेच सारखं आठवतंय. पाणी सकाळी घालायचं. भर दुपारी पाणी घालणारा माणूस आळशी तरी असतो नाहीतर खुनी. घरातही तेच. ब्लँकेटांना ऊन दाखवून मगच माळ्यावर टाक. पंख्याची पाती पुसल्याशिवाय बटण दाबू नकोस, गेल्या वर्षी दाबलंस आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होतीस. आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसत जा. घरातल्या भिंती दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन संध्याकाळीच ओकतात, तेव्हा आत बसून राहणं बरं नाही.

तुला वाटेल, म्हातारीला आज एवढा कसला उमाळा आलाय. अगं, हल्ली मी तुमच्या अख्ख्या इमारतीला हेच सांगत बसलेली असते. पहिला फोन आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या कारकुनाचा. आजी, मोगऱ्याला पाणी किती घालायचं? मी म्हटलं, आधी तुम्ही कोण ते सांगा, आणि मी तुमची आजी कधी झाले तेही सांगा. तर म्हणे तुमच्या नातीनं कुंडी दिली, कुंडीला चिठ्ठी बांधलीय, तिच्यावर तुमचा नंबर आहे आणि खाली लिहिलंय, अडलं तर आजीला विचारा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीला दानत आली. तुझ्या आईकडून तर यायची नव्हती. त्या कारकुनाला मी सांगितलं, मातीत बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. तो दिवसातून तीनदा बोट घालतो आणि तीनदा फोन करतो. मग वॉचमनचा फोन. त्याला कोरफड दिलीस. आजी, ही काहीच करत नाही हो, नुसती बसून असते. म्हटलं, बाबा, तुझी आणि तिची जोडी जमली की मग. तो हसला, मीही हसले. तरी फोन ठेवल्यावर मनात काहीतरी खुपत राहिलं, चपलेत खडा गेल्यासारखं. मोगरा गेला, कोरफड गेली. अजून काय काय गेलं?

परवा तुमच्या तळमजल्यावरच्या शिवणवालीचा फोन आला. लिंबाची पानं वळतायत, काय करू? मी सांगितलं, साबणाचं पाणी पातळ करून पानांच्या खालून मारा. सगळं शहाण्यासारखं सांगितलं आणि फोन ठेवला. मग खालीच बसले. दूध उतू गेलं, ते दिसत होतं, वास येत होता, पण उठता येईना.

कारण ते लिंबू. पाच वर्षांची होतीस, बी गिळायची भीती वाटली म्हणून थुंकलीस, आणि आपली थुंकलेली बी आपणच डब्यात पुरलीस. तुझ्या आईनं त्याचं एक पान तोडलं तर दोन दिवस तिच्याशी बोलली नाहीस. कामासाठी या शहरात आलीस तेव्हा कपड्यांची बॅग टपावर आणि लिंबू मांडीवर. इतक्या वर्षांत त्याला एक लिंबू लागलं नाही. शंभरदा म्हटलं, वांझोटं आहे ते, फेकून दे. तू म्हणायचीस, आजी, तुला कोणी फेकलं का? तुझं नाव मुंगळ्या काही मी लाडानं नाही ठेवलेलं. हातात धरलं की बोट तुटलं तरी सोडायची नाहीस, म्हणून ठेवलं. आणि तू लिंबू देऊन टाकलंस. वर माझा नंबर बांधून दिलास, म्हणजे तुझ्या माघारी त्याचे हाल होऊ नयेत.

तुला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तुझ्या आईला लावला तर ती म्हणते, कामात असेल गं, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. घोर काय मी दुकानातून विकत आणते का? मग शिवणवालीलाच उलटा फोन केला आणि तिच्याकडून गोड बोलून काढून घेतलं. तू कामावर जात नाहीस. पडदे लावलेले असतात. दुधाची पिशवी दारातच फुगून फुटते. माणूस लांबच्या प्रवासाला निघताना घर आवरतं, तशी तू आवरतेयस. फक्त तुझी बॅग कुणी बांधलेली पाहिली नाही. ती रात्र मी कशी काढली ते मला विचारू नकोस. भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि खारट लागलंसुद्धा नाही.

आता एक सांगते, ते तुझ्या आईलाही माहीत नाही. तुझे आजोबा गेले त्या वर्षी मीही असंच वाटून टाकलं होतं. चांगली भांडी एकीला, पलंग दुसरीला, शिवणयंत्र शेजारणीला. सगळ्यांना वाटलं, बाई किती सावरली. मला हलकं हलकं वाटत होतं. तसलं हलकं वाटणं चांगलं नसतं. संध्याकाळी ती शेजारीण धापा टाकत यंत्र घेऊन परत आली आणि तिनं ते माझ्या ओट्यावर आदळलं. म्हणाली, सुई मोडकी देऊन मला फसवतेस का? बसवून दे. सुई मोडकी नव्हती, तिनंच मोडली होती. मला तेव्हा कळलं नाही. मी चिडले, तिला चार शिव्या घातल्या, आणि सुई बसवता बसवता अंधार पडला. दुसऱ्या दिवशी तिला दोरा ओवता येईना. तिसऱ्या दिवशी टीप सरळ येईना. ती बया महिनाभर येत राहिली. मला वाटलं, हिच्याइतकी मठ्ठ बाई जगात नाही. ती कशाला येत होती ते मला फार उशिरा उमजलं, आणि तोवर तिचे आभार मानायची वेळ निघून गेली होती. म्हणून ते आत्ता तुझ्यावर काढतेय.

तुला काय झालंय ते मी विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर गिळून टाक, आपण दोघी मिळून गिळू. काल रात्रीची गाडी धरून आले. सकाळी तुझं दार वाजवलं तेव्हा आतून म्हणालीस, आजी, परत जा, मी बरी आहे. बरी असलेली माणसं दार उघडतात. जिन्यात ओरडून बोलले असते तर चारही मजल्यांनी कान लावले असते, म्हणून लिहायला बसले, तुझ्या उंबऱ्याला टेकून. आधीचे कागद एकेक करून दाराखालून सरकवले. पहिला कितीतरी वेळ अर्धा बाहेर तसाच पडून होता. मग तो आत ओढला गेला. तेव्हापासून मी जरा श्वास घेतेय. शिवणवाली चावीवाल्याला आणायला गेलीय. तो आला की मी कुलूप तोडायला सांगणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, मागाहून बोंब नको. कुंड्या सगळ्या परत गोळा केल्यात. मोगरा, कोरफड, लिंबू, सगळं इथं माझ्याभोवती मांडलंय. वॉचमन कुरकुरतोय की जिना अडला, आणि कारकून म्हणतो, मोगऱ्याला कळी आलीय, ती माझी. लिंबाची मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आलीत. त्याला आजच मोठी कुंडी पाहिजे, आणि ते एकटीचं काम नाही. एकीनं खोड धरायचं, दुसरीनं कुंडी खाली ओढायची. माझ्यानं दोन्ही होत नाही. हा शेवटचा कागद मी पूर्ण सरकवणार नाही. एक टोक तुझ्याकडे येईल, दुसरं माझ्या हातात आहे. ओढून बघ. मी सोडणार नाही, मुंगळ्या, तुझं नाव ठेवलं ते काय उगाच? कडी काढ.

तुझीच,
दाराबाहेर बसलेली आजी