तपकिरी फ्रेम आणि तळाची टीम

२ नोव्हेंबर
आज दुकानाचं सार्थक झालं. आपल्या हॉकी टीमचे नवे मॅनेजर चष्मा न्यायला आले. मी स्वतःच्या हातांनी त्यांच्या नाकावर तपकिरी फ्रेम चढवली. त्याच वेळी एक रिटायर्ड गाण्याच्या बाईही तशीच फ्रेम घेऊन गेल्या. गर्दी होती, पण माझं डोकं शांत. साहेबांना जरा गरगरलं. म्हटलं, नवा नंबर आहे, सवय होईल.
यंदा टीम वर येणार. हिला शब्दच दिला की टीम तळाला राहिली तर सीझन पास बंद, दर शनिवारी तुझ्याबरोबर डान्स क्लास. ही नुसती हसली. बिचारी.

९ नोव्हेंबर, सकाळी ८
०–६. टीमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर बोंबाबोंब. आठ गोलकीपर बघून साहेबांनी नेमका सगळ्यांत ढिला निवडला म्हणे. मी लिहिलं, समोरच्यांना गाफील ठेवण्याचा डाव आहे. अठ्ठावीस अंगठे आले.

२० नोव्हेंबर
बाई आल्या. वहीतली अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात म्हणाल्या. म्हटलं, बाई, सवय होईल. लोकांना दम म्हणून नाही.

५ डिसेंबर
हरलो. मॅचनंतर साहेबांनी पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्याला मिठी मारली आणि म्हणाले, कॅप्टन, छान खेळलास. ग्रुप हसतोय. मूर्ख आहेत. शेवटच्या माणसालाही कॅप्टन समजणं, याला टीमचं कल्चर बदलणं म्हणतात.

६ डिसेंबर
संकल्प: साहेबांच्या स्ट्रॅटेजीचा तक्ता करणे. केला. बाण एकोणपन्नास. डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी, टीमच्या फोटोखाली लावला, ग्रुपवरही टाकला. गिऱ्हाइकं चुकून तोच वाचतात.

१८ जानेवारी
सलग अकरा हरलो. आणि लख्ख प्रकाश पडला! तळाच्या टीमला पुढच्या वर्षी नवे खेळाडू आधी निवडता येतात. म्हणजे साहेब मुद्दाम हरतायत. काय डोकं आहे. आनंदाने दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

१८ जानेवारी, दुपारी
तळाला म्हणजे डान्स क्लास. हे लक्षात नव्हतं. हिला विचारलं, मुद्दाम तळाला गेलो तर धरायचं का? ही म्हणाली, धरायचं.

३१ जानेवारी
बाई पुन्हा. आता डोकंही दुखतं म्हणे. अर्धा तास धीराचं महत्त्व सांगितलं.

२७ फेब्रुवारी
बाई भांडायला बसल्या होत्या, तेवढ्यात साहेब आले. लांबचं सगळं धुकं दिसतं, नवा चष्मा करा म्हणाले. स्ट्रॅटेजीबद्दल विचारलं, तर म्हणाले, कसली स्ट्रॅटेजी?
दोघांनी चष्मे काउंटरवर ठेवले. उचलताना अदलाबदल झाली. बाईंनी वही उघडली आणि भराभरा वाचू लागल्या. मी रजिस्टर काढलं. दोन नोव्हेंबर. माझ्याच हातांनी.
साहेब भिंतीवरचा टीमचा फोटो बघत होते. मग म्हणाले, हा गोलकीपर कोणी घेतला?

२९ मार्च, शनिवार
सीझन संपला. टीम तळाला. ग्रुप अजून माझ्या तक्त्यावर चर्चा करतोय. चष्म्यांची गोष्ट त्यांना ठाऊक नाही.
डान्स क्लासला गेलो. सरांनी मागच्या रांगेत टाकलं. चार वेळा हिच्याच पायावर पाय दिला. शेवटी गरगरलं म्हणून खाली बसलो.
ही म्हणाली, उठा, सवय होईल.