पाटी हिरवी होती

४ मार्च

मोजणीदार आज समोरच्या विणकामवालीच्या खोलीत शिरले! तिच्या खाटेवर बसून बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची घडी घालून उशाशी ठेवली. ती आंघोळ करून बाहेर येते तर हे समोर. किंचाळली नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं. हाताला धरून त्यांना त्यांच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि मला म्हणाली, "मी काही पाहिलं नाही हं, बाई!" एरवी हिच्या तोंडाचा पट्टा सुयांपेक्षा जोरात चालतो.

मोजणीदार जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत हिंडले. या वृद्धाश्रमात माझ्या पलीकडच्या खोलीत राहायला आले त्या दिवशी म्हणाले, "जेवणघरापासून तुमचं दार एकशे सहा पावलं, माझं एकशे बारा." मला हसू आलं होतं. आता कळतं, त्या आकड्यावरच ते घरी पोचतात. वाटेत कुणी "काय, बरं आहे ना?" विचारलं की आकडा सुटतो. मग समोर येईल ते दार त्यांचं.

६ मार्च

सकाळी मोजणीदारांच्या दारावरची पाटी लाल. गेल्या महिन्याभरातली दुसरी.

किती साधा नियम आहे! संध्याकाळी मदतनीस सगळ्या दारांवरच्या पाट्या फिरवून लाल करून जाते. सकाळी आठच्या आत आपण आपली हिरवी करायची. म्हणजे आहे बुवा, आहे अजून. आठनंतर सिस्टर फक्त लाल दारं ठोठावते, हिरव्यांकडे बघत नाही. महिन्यात तीन लाल झाल्या की डॉक्टर येऊन प्रश्न विचारतात — आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. आणि मग वरचा मजला. तिथली दारं बाहेरूनच उघडतात.

माझी चार वर्षांत एकदाही लाल राहिलेली नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं सकाळची पाळी केली, सहा म्हणजे सहा!

७ मार्च

"बाई, मला वर जाऊ देऊ नका."

जेवताना मोजणीदार चमचा खाली ठेवून म्हणाले. असं बोलणारा माणूस नाही हा. मागे एकदा कुणाला तरी भेटायला वर गेले होते. "खिडक्या उघडत नाहीत तिथे. त्याने मला ओळखलं, बाई. आणि विचारलं, दार कुठल्या बाजूला आहे?"

मी म्हटलं, बघू. बघू कसलं! ठरवूनच टाकलं होतं.

८ मार्च

साडेसातला आधी माझी पाटी फिरवली. मग त्यांचं दार ढकलून आत डोकावले. उठले होते, सदरा उलटा घालत होते. "आहे, आहे मी!" म्हणाले. सदरा सुलटा करून दिला, बाहेर येऊन त्यांची पाटी हिरवी केली. दोन सेकंदांचं काम. आठला सिस्टर आली आणि सरळ पुढे निघून गेली.

समोरच्या दारात विणकामवाली लोकर गुंडाळत उभी होती. मान वर केली नाही तिने.

१२ मार्च

पाच दिवस, पाच हिरव्या. कुणाला पत्ता नाही. या वयात चोरी करायला मजा येते, हे कुणाला सांगणार?

१५ मार्च

आज फजिती झाली. दार ढकललं तर ते अंगावर नुसता टॉवेल घेऊन उभे. मी मागे सरले, तेही मागे सरले, खुर्ची पडली. नंतर दुपारी बागेतल्या बाकावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज आत येऊ नका. मला ओशाळल्यासारखं होतं."

रागच आला. मी काय हौसेने येते? पण मग तोडगा त्यांनीच काढला. उठल्यावर ते रेडिओ लावतील. भिंतीतून मला ऐकू येईल. रेडिओ लागला म्हणजे उठले, की मी पाटी फिरवायची. आत यायचं नाही.

हे मला पटलं. छत्तीस वर्षं कानांवरच पोट भरलं मी. लाईनवर आवाज असला की पलीकडे माणूस आहे, मध्ये हात घालायचा नाही — पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आम्हाला.

१६ मार्च

रविवार. मुलाचा फोन. त्याला सदऱ्याची गंमत सांगितली. "आई, हे तू मागच्या रविवारी सांगितलंस." म्हटलं, मग परत हस!

१९ मार्च

चहाला गेले तर जेवणघरातली बाई म्हणते, "आजी, आत्ताच तर घेऊन गेलात." मी चांगलीच झापली तिला. खोलीत आले तर टेबलावर कप. अर्धा प्यालेला, कोमट.

माझी पाटी फिरवायला गेले तर तीही हिरवीच. उठल्या उठल्या फिरवून आले असेन.

२० मार्च

मोजणीदार आज खुशीत. बागेची भिंत पावलांनी मोजून दाखवली. "ही सरळ नाही. मधोमध पोट सुटलंय तिला, गवंड्याने कुणालाच कळू दिलं नाही." मी म्हटलं, सुटू दे, आपलं तरी काय वेगळं आहे! इतके हसले की ठसका लागला. सकाळी रेडिओ बरोब्बर सात वीसला लागला होता.

हा माणूस वर गेला तर मी कुणाशी बोलणार? विणकामवालीशी? देवा!

२३ मार्च

जेवून आले. पलीकडे रेडिओ चालूच. बातम्या झाल्या, हवामान झालं, आता कुणाचं तरी भाषण. हे मात्र कधीच झोपलेत, घोरणं ऐकू येतंय. उद्या सांगायलाच हवं — झोपताना बंद करत जा, नाहीतर आपली खूणच बाद.

२४ मार्च

अक्षर येत नाही नीट.

सकाळी रेडिओ चालू होता. मी पाटी फिरवली. पायाच्या व्यायामाचा नंबर पावणेआठचा होता, तशीच खाली गेले. परत आले तरी रेडिओ चालू. जेवणाला ते आले नाहीत. मला वाटलं, आकडा सुटला असेल, येतील. एक वाजला. मग मीच गेले.

खाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत होते. एक पाय वाकडा. ओठ सुकून पांढरे पडलेले. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाले, "बाई, किती हाका मारल्या."

रेडिओवर गाणी चालली होती.

२५ मार्च

मांडीचं हाड मोडलंय. पहाटेच पडले असणार, म्हणे. आठ तास. इतका वेळ पडून राहिल्याने छातीत पाणी धरलं आहे. आठला सापडले असते तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टर जिन्यात कुणाला तरी सांगत होते. माझे कान! नको तेव्हा सगळं ऐकतात. त्यांच्या हाका तेवढ्या ऐकू आल्या नाहीत.

सिस्टरला ऑफिसात बोलावलं होतं. तासभर. बाहेर आली तेव्हा रडून नाक लाल झालेलं. "पाटी हिरवी होती, आजी! देवाशपथ हिरवी होती. मी खोटं कशाला बोलू?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि खोलीत निघून आले. शरम वाटते स्वतःची.

२६ मार्च

ऑफिसात गेले. सांगून टाकलं. पाटी मी फिरवली, गेले अडीच आठवडे मीच फिरवतेय, सिस्टरची काही चूक नाही.

मॅनेजरबाईंनी पाणी दिलं. माझा हात हातात घेतला. "आजी, तुमच्या मनाला फार लागलंय. आमची चौकशी झाली आहे. आजोबांनी स्वतःच पाटी फिरवली, आत जाताना तोल गेला. सिस्टरला कुणी काही करणार नाही." मी म्हटलं, अहो, नाही हो! त्या म्हणाल्या, "तसं लिहून झालंय." मग माझ्याकडे जरा निरखून बघत विचारलं, "झोप लागते ना नीट?"

म्हणजे पाटी बरोबर, सिस्टर बरोबर, ऑफिस बरोबर. चुकला कोण, तर जो पडला तो!

२९ मार्च

मोजणीदार गेले. सकाळी सहाला.

१ एप्रिल

त्यांची लेक खोली रिकामी करायला आली होती. मला मिठी मारून म्हणाली, "बाबा सारखं तुमचं सांगायचे. म्हणायचे, शेजारच्या बाई आहेत म्हणून मी अजून खाली आहे."

म्हणजे पाटीचं त्यांनी लेकीला सांगितलं होतं. मग मला राहवेना. म्हटलं, पाटी मी फिरवली त्या दिवशी.

ती सदऱ्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. "रोज आत बघायच्या ना तुम्ही?"

"आधी बघायचे."

"आणि त्या दिवशी?"

"रेडिओ चालू होता."

हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "ते वर असते तर दर दोन तासांनी कुणीतरी आत येऊन बघितलं असतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. जाताना रेडिओ माझ्या टेबलावर ठेवून गेली. मुद्दाम की प्रेमाने, कळत नाही. वायर काढून ठेवली आहे.

२ एप्रिल

ही वही मागे चाळली. तेवीस मार्च. "रेडिओ चालूच. हे मात्र कधीच झोपलेत." माझंच अक्षर, माझीच शाई. सकाळी पाटी फिरवताना यातलं एक अक्षर डोक्यात नव्हतं! लिहिल्याचंही आठवत नाही. आत्ता वाचतेय ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं.

जेवणघरातून येताना पावलं मोजली. एकशे वीस झाली तरी माझं दार आलं नाही.

५ एप्रिल

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय आहे? मोजणीदारांच्या बारा नंबरच्या खोलीत नवीन माणूस येणार म्हणे. भिंतीला कान लावायची सवय जात नाही. पलीकडे काही नाही.

विणकामवालीने गुडघ्यांवर घ्यायला लोकरीची शाल आणून दिली. रंग भयंकर आहे. तरी घेतली.

९ एप्रिल

उठले तर साडेनऊ! धडपडत दार उघडलं. पाटी हिरवी.

मी हात लावला नव्हता. विणकामवाली समोरच उभी. खाली बघून म्हणाली, "मीच केली, बाई. महिन्याभरात आजची सातवी. तुम्ही विसरता हल्ली. तुम्हाला वर नेलं तर मी कुणाशी बोलणार?"

विचारलं, आत बघितलंस?

"कशाला? तुमचा नळ वाहत होता. म्हटलं, उठल्या असतील."

नळ काल जेवल्यापासून वाहत होता. नळाखालची बादली भरून वाहतेय.

मी पाटी फिरवून लाल केली. दारात खुर्ची टाकून बसले आहे, ही वही मांडीवर घेऊन. सिस्टर येईल.