जोडप्याच्या नोकरीचा अर्ज

डार्सी,

कुंपण दुरुस्त करणाऱ्या माणसांचं जेवण पोचवायला जातेय, अंधार पडायच्या आत येईन. तुझं मटण ओव्हनमध्ये आहे. कोंबड्या आठवणीने कोंड.

क्वीन्सलंडच्या त्या आडरानातल्या फार्मसाठी लिहिलेला अर्ज वाचला. त्यांना जोडपंच हवंय, तू गुरांकडे आणि मी स्वयंपाकघरात, म्हणून माझंही सांगते. “मी कष्टाळू आहे” हे काढून टाक, ते सगळेच लिहितात. त्यापेक्षा दुष्काळात पाण्याचे दोन्ही पंप तू एकट्याने चालू ठेवलेस, ते लिही. मॅनेजरचं नाव चुकलं होतं, ते मी नीट केलंय.

माझ्याबद्दल “बायकोला एकांत आवडतो” असं ठोकून दिलंयस. मला विचारलं नाहीस, ते जाऊ दे. पण नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतं? पुरावा दे. असं लिही: “इथे माझ्या बायकोला चार महिने दुसरी बाई दिसली नाही, तरी तिने एका शब्दानेही तक्रार केली नाही.”

हे वाचून ते आपल्याला नक्की घेतील. म्हणूनच माझी सही अजून राहिलीय. टपालाचं विमान सकाळी येतं, तोवर करून ठेवीन.

मेरिन