ब्लॅकटाउनातला सोन्याचा धोंडा

ब्लॅकटाउन, ऑगस्ट २०२०

ती. सौ. विनितावन्संना मंजिरीचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? पुण्याचे रोजचे आकडे ऐकून इथे घास उतरत नाही. मी धडधाकट आहे. तुमचे बंधू तसे नाहीत, आणि त्याला तुमचे वडील जबाबदार आहेत. (कोविड होऊन खोलीत पडलेल्या माणसावर चिडू नये, हे मला कळतं. तरी चिडले आहे.)

नाना रंगूनला जन्मले आणि पाच वर्षांचे असताना बोटीने परतले, एवढ्या भांडवलावर ते ब्रह्मदेशाचे जाणकार! त्यांना तिकडे न्यायचा आमचा एप्रिलचा बेत सीमा बंद झाल्या आणि बुडाला. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी हृषिकेश त्यांना व्हिडिओवर आमच्याच घरात फिरवतो. स्वयंपाकघर म्हणजे यांगून (‘रंगून म्हण, गाढवा!’ इति नाना), हॉल म्हणजे मंडाले, आणि पसाऱ्याने भरलेलं गराज म्हणजे हजारो देवळांचं बागान. ओट्यावरच्या डब्यांची उतरंड म्हणजे श्वेडगॉन पॅगोडा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतेय आणि मागून हा लुंगी नेसून, इथल्या ऑगस्टच्या ऐन थंडीत अनवाणी, प्रदक्षिणा घालतोय! माझा मॅनेजर ‘नो वरीज’ म्हणाला, पण ज्या सुरात म्हणाला तो मी विसरणार नाही.

मग नानांना क्याइकटियोची सोनेरी शिळा हवी झाली, कड्याच्या टोकावर तोललेली ती. हृषिकेशने अंगणातल्या बार्बेक्यूच्या कट्ट्यावर एक गोल धोंडा तोलून ठेवला. तो गाडीतून उतरवला मी, सोनेरी रंग फासला मी. आणि फोन लागताच नाना म्हणतात, “मंजिरी, बाजूला हो. त्या शिळेला बायकांनी हात लावायचा नसतो.”

असेल तिथे तशी रीत! मी म्हटलं, “नाना, मग इथवर आणला कोणी?” आणि दोन्ही हात लावले. (जरा जोरात लागले.) धोंडा घरंगळला, कुंपणाची फळी मोडून शेजारच्या शेरिलच्या कोबीत जाऊन बसला. शेरिल वसईची. तिने अस्सल मराठीत जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. नाना मात्र इतके हसले, इतके हसले, की त्यांना खोकल्याची उबळ आली.

तुम्ही त्यांच्या हातून फोन काढून घेतलात. मग कोविडचा रिपोर्ट आला.

मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मंजिरी

ता. क. त्या धोंड्यापासून हृषिकेश माझ्याशी बोलत नाही. काल शुक्रवार होता. लुंगी नेसून, बंद फोन हातात धरून ओट्यापाशी बसला होता.

ता. क. २. तुमचं ‘विश्रांती हवी’ पुरे झालं, वन्सं. नानांना फोन परत द्या. त्यांना बोलवत नसेल तर नुसता चालू करून उशाशी ठेवा. खोकले तरी ऐकू येईल आम्हाला.